रोंगेलापचे माड

(दृश्य: प्रवाळबेट, किनाऱ्यावर माडांची रांग)

1 मार्च 1954. मार्शल बेटांतल्या बिकिनीवर अमेरिकेने 15 मेगाटनांचा हायड्रोजन बॉम्ब फोडला. काही तासांतच शेजारच्या रोंगेलापवर पांढरी राख पडू लागली. पोरं तिच्यात खेळली. संध्याकाळपर्यंत अंगाची आग आणि उलट्या, पुढे केस गळू लागले. बेटावरच्या लोकांना तिथून हलवायला दोन दिवस लागले.

1957 मध्ये सांगण्यात आलं, आता घरी जा. लोक परतले. अमेरिकेच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेचे डॉक्टर जहाजाने यायचे, तपासायचे, रक्त-लघवीचे नमुने न्यायचे. 1963 पासून थायरॉइडच्या गाठी दिसू लागल्या, राख पडली तेव्हा लहान असलेल्यांत जास्त. शस्त्रक्रिया झाल्या, गोळ्या मिळाल्या. तरी लोक म्हणत, आमचा प्रयोग चाललाय. त्यांचा संशय बिनबुडाचा नव्हता: स्फोटानंतर काही दिवसांतच त्यांच्यावर अभ्यास सुरू झाला होता, त्यांना न विचारता. 1985 मध्ये त्यांनी बेट सोडलं. न्यायला सरकारी जहाज आलं नाही, ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचं आलं.

(दृश्य: शहाळं सोलणारे हात)

राख कधीच धुऊन गेली होती, मग धोका कुठून? प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम फार कमी. स्फोटाच्या राखेतून मातीत उतरलेलं किरणोत्सारी सीझियम-137 त्याच्याच जातकुळीचं, त्यामुळे माड ते मुळांवाटे ओढून घेतो. ते शहाळ्याच्या पाण्यात उतरतं, खोबऱ्यात उतरतं. बिकिनी 1968 मध्ये सुरक्षित म्हणून जाहीर झालं, कुटुंबं परतली, आणि त्यांच्या शरीरातलं सीझियम वाढत गेलं. 1978 मध्ये त्यांना पुन्हा उठवलं. जिथे जेवण म्हणजे नारळ आणि मासे, तिथे ‘नारळ खाऊ नका’ म्हणणं म्हणजे उपाशी राहा म्हणणंच. अमेरिकेच्याच लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी झाडांना पोटॅशियमचं खत घालून पाहिलं, आणि नारळातलं सीझियम खरोखर खूप घटलं.

(दृश्य: एनेवेटाक, खुर्ची आणि शोधक यंत्र)

एनेवेटाक हेही मार्शल बेटांतलं, बॉम्बचाचण्या झालेलं बेट. इथली ही खुर्ची अंगातलं सीझियम मोजते. बसायचं, काही मिनिटं स्थिर राहायचं, बस्स. यंत्र चालवणारे इथलेच, आकडाही लोकांना त्यांच्याच भाषेत समजावतात. प्लुटोनियम या बॉम्बमधल्या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्यासाठी मात्र लघवी तपासावी लागते.

आकडा समजणं हा त्यांचा हक्क आहे, पण तेवढ्याने कुणी बरं होत नाही. कर्करोगाच्या उपचारांसाठी इथल्या रुग्णाला आजही होनोलुलू किंवा मनिला गाठावं लागतं, तेही सगळ्यांना परवडत नाही. बॉम्ब आणता आले, तर कर्करोगाचे उपचार आणणं अवघड का असावं?