इयत्ता पहिली, तुकडी डावी

(पडद्यावर: दुरेघी वही. डाव्या हातात पेन.)

हा 'अ' बघा. पोट सुजलेलं, काना कललेला, शिरोरेघ अर्ध्यातच सुटलेली. हे अक्षर काढणाऱ्या बाईंनी २२ वर्षं मुलांना सुलेखन शिकवलं आहे. नाव सांगू नका म्हणाल्या. मुलं त्यांना बाई म्हणतात, आपणही बाईच म्हणू.

तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. पाय हळूहळू चालता झाला, हात काही परत आला नाही. ते दिवस आमच्या कॅमेऱ्यात नाहीत. आहेत त्या या वह्या. एकूण १९. प्रत्येक पानावर तारीख.

पहिल्या वहीत पानांपेक्षा फाटलेल्या कडाच जास्त. तेव्हा बाई स्वतःचाच जुना कित्ता समोर ठेवून लिहायच्या, उजव्या हाताने काढलेला. त्या कित्त्यापुढे डाव्या हाताचं प्रत्येक अक्षर नापास. पान फाडायचं, वही मिटायची, दिवस संपला.

आता दुसऱ्या वहीचं मुखपृष्ठ. जरा जवळून. इयत्तेपुढे लिहिलंय, पहिली. तुकडीपुढे, डावी.

कित्ता त्या दिवशी कपाटात गेला. अक्षर होतं तसंच वेडंवाकडं राहिलं, पण आजचं पान आता कालच्या पानाशी ताडून बघायचं, एवढं ठरलं. पहिलीतल्या मुलाचा 'अ' वाकडा आला म्हणून त्याचा हात वाया गेला असं कुणी म्हणत नाही. बाईंनी ती सवलत पहिल्यांदाच स्वतःला दिली.

मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी अनेक वर्षं याच गोष्टीचा अभ्यास केला आहे. क्षमता जन्मतःच ठरलेली असते असं धरून चाललं, की अपयश म्हणजे आपल्यावरचा निकाल वाटतो. ती घडवता येते असं धरलं, की त्याच अपयशात पुढची खटपट कुठे करायची ते दिसू लागतं. 'जमत नाही' आणि 'अजून जमत नाही' यांत एका शब्दाचाच फरक. बाईंनी ड्वेक वाचलेल्या नाहीत. त्यांनी फक्त इयत्ता बदलली.

मन बदललं म्हणून बोटं हलू लागली, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. त्यामागे व्यायाम होता, औषधं होती, घरची माणसं होती. विचाराने इतकंच केलं की वही दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली गेली. आमच्या मते हे 'इतकंच' फार मोठं आहे.

(हात, अगदी जवळून.)

शिरोरेघेकडे लक्ष द्या. उजव्या हाताने लिहिणारा माणूस पेन डावीकडून उजवीकडे ओढत नेतो. डाव्या हाताने त्याच दिशेला जायचं तर पेन ढकलावं लागतं. टोक कागदात रुततं, रेघ थरथरते, ओल्या शाईवरून तळहात फिरतो. करंगळीच्या कडेला ही निळी शाई दिसतेय ना, ती रोजची. बाईंनी आधी वही उजवीकडे कलती केली. मग मनगट ओळीच्या खाली आणलं. पेनं तर किती बदलली. सातव्या वहीत एक दिवस त्यांनी अक्षरं नेहमीसारखी लिहिली आणि वरची रेघ उजवीकडून डावीकडे काढली. पेन पुन्हा ओढलं जाऊ लागलं. हे ते पान. रेघ सरळ आहे.

२२ वर्षांत त्यांनी एकाही मुलाला अशी रेघ काढू दिली नव्हती.

टेबलाच्या काचेखाली हे कात्रण आहे. हंगेरीचे नेमबाज कारोली टाकाच. १९३८ मध्ये लष्करी सरावात हातबॉम्ब फुटून त्यांचा उजवा हात निकामी झाला. ते डाव्या हाताने नेम धरायला शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलात सुवर्णपदक, १९५२ ला हेलसिंकीत पुन्हा सुवर्ण. ही गोष्ट सांगणारे हात गेल्याचं सांगतात आणि थेट पदकावर येतात. मध्ये दहा वर्षं गेली. त्यातली १९४० आणि १९४४ ची ऑलिम्पिक महायुद्धामुळे झालीच नाहीत. बाईंनी १९३८ आणि १९४८ या दोन आकड्यांखाली रेघा मारून ठेवल्या आहेत. तशाच, उजवीकडून डावीकडे.

(इथे निवेदन नाही. बाई वही मिटतात, खिडकी उघडतात.)

शाळेतली नोकरी सुटली, घरखर्चाची ओढाताण झाली. आता आठवड्यातून दोन दिवस घरीच वर्ग भरतो.

पूर्वी मूल अडलं की बाई अक्षर काढून दाखवायच्या. सुबक, एका झटक्यात. मूल बघत राहायचं. आता कुठल्या वळणावर पेन अडलं ते त्यांना स्वतःच्या मनगटातून कळतं, आणि त्या तेवढंच वळण धरतात. बाकीचं अक्षर मूल स्वतःच काढतं.

खिडकीपाशी बसलेला हा मुलगा डावखुरा आहे. बाई त्याच्या शेजारी बसतात. त्याची वही जराशी कलती करून देतात.

"उजवीकडून ओढ," म्हणतात.

(निवेदन थांबते. पेनाचा आवाज राहू द्यावा.)