नाव एकदाच लिहायचं

नमस्कार मंडळी. रविवारची सकाळ, त्यात हा पाऊस, तरी नौपाड्यात एवढी माणसं आलीत, बरं वाटलं. तुमच्यातले निम्मेअधिक सोसायटीचे सेक्रेटरी नाहीतर खजिनदार आहेत, म्हणून इकडची तिकडची प्रस्तावना न करता थेट तुमच्याच कपाटातल्या एका कागदापासून सुरू करते. नॉमिनेशनचा फॉर्म, म्हणजे आपल्या पश्चात फ्लॅटसाठी कोणाचं नाव पुढे करायचं ते सभासद सोसायटीला कळवतो तो. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, तो तीन प्रतींमध्ये द्यायचा असतो. म्हणजे सत्तर वर्षांच्या काकूंनी स्वतःचं नाव, फ्लॅट नंबर, भागपत्राचा म्हणजे शेअर सर्टिफिकेटचा नंबर, नॉमिनींची नावं, पत्ते, वयं, नातं, हिस्सा, हे सगळं तीन वेळा लिहायचं, आणि तिसऱ्या प्रतीत हिस्सा लिहिताना हात थरथरला की खाडाखोड, मग सेक्रेटरी म्हणणार नवीन आणा, मग परत झेरॉक्सवाल्याकडे.

मी स्टेशनजवळ वीस वर्षं डीटीपी केलं. हा फॉर्म माझ्या काउंटरवर किती वेळा आला असेल याची गणती नाही. लोक कोरा फॉर्म घेऊन यायचे आणि म्हणायचे ताई, यात टाइप करून द्या ना. आणि मी द्यायचे, पण प्रत्येक वेळी मनात यायचं की हे काम त्यांना घरी बसून करता यायला हवं, त्यासाठी माझ्याकडे यायची गरजच नको.

तर आज जे दाखवणार आहे ते एवढंच, की रायटरमध्ये भरता येणारी पीडीएफ कशी बनवायची. रायटर म्हणजे लिबरऑफिसमधला, वर्डसारखाच टाइप करायचा प्रोग्रॅम, फुकट मिळतो, २०१० साली ओपनऑफिसमधून वेगळा झाला तो. बरेच जण वर्डमध्ये फॉर्म बनवतात, त्यात रकाने टाकतात, सेव्ह अॅज पीडीएफ करतात आणि मग फोन येतो की यात काहीच लिहिता येत नाहीये. बरोबर आहे, वर्ड पीडीएफ करताना ते रकाने सपाट करून टाकतो, कागदाचा फोटो काढल्यासारखं होतं. रायटर ते रकाने जिवंत ठेवतो. आणि ही काही नवी कोरी गोष्ट नाही हं, पीडीएफ आलं १९९३ ला आणि त्यात भरायचे रकाने आले १९९६ ला, सोय तेव्हापासून आहे, आपल्या सोसायट्यांपर्यंत मात्र पोचली नाही.

आता करायचं कसं. आधी साधं टेबल घाला, दोन कॉलमचं, डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तराची जागा. मग फॉर्म मेन्यूत जाऊन डिझाइन मोड चालू करा, टेक्स्ट बॉक्स निवडा आणि उजव्या कप्प्यात माउसने ओढून चौकट काढा. काढल्या काढल्या एक काम करायचं, तिचा अँकर, म्हणजे ती पानावर कशाला बांधलेली आहे ते, अॅज कॅरेक्टर करायचा. हे विसरलात तर वर एक ओळ वाढवली की शब्द खाली सरकतात आणि चौकटी जागच्या हलत नाहीत किंवा भलतीकडे जातात, आणि मग तासभर त्या एकेक ढकलत बसावं लागतं. अॅज कॅरेक्टर केलं की चौकट अक्षरासारखी वागते, मजकुराबरोबर सरकते. टेबल आणि हा अँकर, एवढ्यावर निम्मी डोकेदुखी जाते.

मग चौकटीच्या कंट्रोल प्रॉपर्टीज उघडा. तिथे पहिलीच ओळ आहे नेम. आपण आपलं टेक्स्ट बॉक्स १, टेक्स्ट बॉक्स २ असंच राहू देतो. राहू देऊ नका, कारण सगळी गंमत या नावातच आहे. पहिल्या पानावर सभासदाच्या नावाच्या चौकटीला समजा नाव दिलं सभासद. आता ती चौकट कॉपी करून दुसऱ्या प्रतीच्या पानावर पेस्ट करा, तिसऱ्या प्रतीच्या पानावर पेस्ट करा, आणि तिन्हीकडे नेममध्ये सभासदच आहे ना ते एकदा बघून घ्या. मग फाइल, एक्स्पोर्ट अॅज, एक्स्पोर्ट अॅज पीडीएफ. जनरलच्या टॅबवर क्रिएट पीडीएफ फॉर्मला टिक हवी, आणि तिच्याच खाली अलाउ डुप्लिकेट फील्ड नेम्स असं एक आहे, त्यालाही टिक करा. ही दुसरी टिक नसेल तर रायटर स्वतःच प्रत्येक चौकटीला वेगळं नाव देऊन टाकतो. टिक असली की काय होतं ते आता पडद्यावर बघा. मी पहिल्या पानावर नाव टाइप करतेय, टॅब दाबला, आता खाली जाते, दुसरी प्रत, आलं नाव. तिसरी प्रत, आलं. काकूंनी एकदाच लिहायचं. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, आणि मी एकटीच तीन पानं वरखाली करत बसले होते कितीतरी वेळ.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू लक्षात ठेवा. पहिल्या नॉमिनीच्या हिश्शाची चौकट कॉपी करून तुम्ही दुसऱ्या नॉमिनीपुढे टाकली आणि नाव बदलायला विसरलात, तर पहिल्यापुढे ६० टक्के लिहिलं की दुसऱ्यापुढेही ६० येणार. कागद मालमत्तेचा आहे. तिथे हिस्सा१, हिस्सा२ अशी वेगळी नावं हवीतच. तसंच ऑप्शन बटनांचं, म्हणजे ज्यांतलं एकच निवडता येतं त्या गोल बटनांचं. एका प्रश्नाच्या बटनांना ग्रुप नेम एकच द्या आणि दुसऱ्या प्रश्नाला वेगळं, नाहीतर भाडेकरू आहे का याला हो केलं की पार्किंग हवंय का याचं हो निघून जातं. जिथे एकापेक्षा जास्त उत्तरं चालतात तिथे बटन नको, चेक बॉक्स घ्या.

आता मराठीचं, आणि इथे मला जरा थांबायचंय. एका सोसायटीसाठी मी सभासद नोंदणीचा फॉर्म केला होता. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव असे तीन रकाने. प्रॉपर्टीजमध्ये मॅक्स टेक्स्ट लेंग्थ म्हणून एक असतं, जास्तीत जास्त किती अक्षरं चालतील, तिथे मी नावाला आठ टाकलं, कारण मी बोटांवर मोजलं की मराठी नाव फार तर पाच-सहा अक्षरी. दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन, ताई, माझं नाव पुरं होत नाहीये. नाव ज्ञानेश्वरी. रकान्यात उमटलं होतं ज्ञानेश् आणि पुढे काही घेईना. आपण म्हणतो ज्ञा, ने, श्व, री, चार अक्षरं. पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर ज्या पद्धतीने अक्षरं साठवतो त्यात, ज वेगळा, पाय मोडायची खूण वेगळी, ञ वेगळा, काना वेगळा, मात्रा वेगळी, असं करत करत ज्ञानेश्वरीचे होतात अकरा. साध्या श्रीचे चार. त्या बाईंना स्वतःचंच नाव अर्धं सोडून द्यावं लागलं असतं, आणि चूक माझी होती. तेव्हापासून मराठी रकान्याला मी मर्यादा घालतच नाही. मोबाइल नंबरला दहा घाला, पिनकोडला सहा घाला, नावाला नको. आणि पत्त्याला मल्टिलाइन करून चांगली तीन ओळींची उंची द्या, कारण आपले पत्ते इमारत, मग को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी लिमिटेड, मग कशाच्या तरी मागे, पाचपाखाडी, ठाणे पश्चिम, असे लांबत जातात.

मराठीची दुसरी अडचण जास्त अवघड आहे. पानावर छापलेला जो मजकूर आहे, प्रश्न, सूचना, तो रायटरने नीट जुळवून पीडीएफमध्ये घातलेला असतो, तो सगळीकडे सारखाच दिसतो. पण रकान्यात जे टाइप होतं ते जुळवायचं काम ज्या प्रोग्रॅममध्ये फॉर्म उघडलाय त्याचं, आणि सगळ्यांना ते जमत नाही. कुठे पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, कुठे जोडाक्षर तुटून पाय मोडलेलं दिसतं. त्यामुळे फॉर्म वाटण्याआधी दोन-तीन प्रोग्रॅममध्ये उघडून रकान्यात क्षितिज लिहून बघा. या एका शब्दात जोडाक्षरही आहे आणि पहिली वेलांटी दोनदा, बिघडायचं असेल तर इथेच बिघडतं. जिथे नीट दिसतं त्या प्रोग्रॅमचं नाव फॉर्मच्या वरच ठळक लिहा. आणि सोबत इंग्रजीत नावाचा एक रकाना ठेवा. मला हे सांगायला आवडत नाही, मराठी माणसाला मराठी फॉर्मात मराठीत नाव लिहिता आलंच पाहिजे, पण कागद अडकण्यापेक्षा तो रकाना असलेला बरा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर मात्र उचलून आणू नका, परत टाइप करा. मुक्ता घ्या, नोटो सॅन्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट आहेत.

व्हॉट्सअॅपवर फॉर्म टाकला की लोक तिथेच टॅप करून उघडतात आणि नुसतं पान दिसतं, रकाने दिसतीलच असं नाही. कॉम्प्युटरवर क्रोम, फायरफॉक्स, अॅडोबी रीडर, कशातही भरता येतो. रीडरमध्ये भरलेला फॉर्म सेव्ह होत नाही असं अजून काही जण सांगतात, ती जुनी गोष्ट झाली, २०१२ च्या रीडर अकरापासून होतो. पण ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांच्यासाठी कोऱ्या प्रिंट ऑफिसात ठेवाच, त्यांना परत पाठवू नका.

आणि हात जोडून एक विनंती, रकाने टाकणं सोपं झालंय म्हणून वाट्टेल ते विचारू नका. भाडेकरूच्या फॉर्मात आधारचा पूर्ण नंबर, पगार, जात, कशाला? २०२३ ला वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आलाय तो आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी तो भरलेला फॉर्म कमिटीच्या पाच जणांच्या फोनमध्ये फिरतो हे आपल्याला माहिती आहे. आधार बघायचंच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागा. प्रत्येक रकान्यापुढे स्वतःला विचारा, हे मला कशासाठी हवंय, आणि उत्तर सुचलं नाही तर रकाना काढून टाका.

सहीच्या जागी चौकट टाकू नका. नॉमिनेशनवर सभासदाची सही लागते, दोन साक्षीदारांच्या लागतात, त्या पेनानेच होणार, तिथे नुसती रेघ आणि हात टेकायला पुरेशी जागा सोडा. आणि मूळ रायटरची फाइल जपून ठेवा. कमिटी बदलली की नव्या सेक्रेटरीला फक्त पीडीएफ मिळते आणि एक शब्द बदलायचा तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

चला, आता लॅपटॉप उघडा. फाइल तुम्हाला पाठवली आहे, तिच्यात मी टॅबचा क्रम मुद्दाम चुकीचा ठेवलाय. माउसला हात न लावता पहिल्या रकान्यापासून टॅब दाबत शेवटपर्यंत जा, कर्सर जिथे भलतीकडे उडी मारेल तिथे हात वर करा, मी मागच्या रांगेपासून येते.