शेवटचं बटण आधी

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'मुलांचं स्वावलंबन', ते शिकवायची पद्धत सांगायचं मी कबूल केलंय, आणि सोबत आणलाय एक लहानगा सदरा आणि लोकरीच्या जाड हातमोज्यांची जोडी. हातमोज्यांचं नंतर सांगते, आधी सदरा.

हा माझ्या नातवाचा. तो तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. बाहेर पडायला उशीर झालेला आणि हा पहिल्याच बटणाशी झटतोय. बटण काजात अर्धं शिरायचं, पुन्हा मागे सरकायचं. जीभ बाहेर आलेली. मुलं बोटांचं बारीक काम करताना जीभ बाहेर काढतात, पाहिलंय ना? (हशा) मी दोन मिनिटं दम धरला. मग "आण इकडे" म्हणून पाचही बटणं झटझट लावून टाकली. तो रडला नाही. खाली बसला, पाचही बटणं एकेक करून काढली आणि परत पहिल्याशी झटायला लागला. मी रागावले. हाताला धरून तसाच, उघड्या सदऱ्यानिशी बाहेर काढला. रस्ताभर त्याचा मोकळा हात त्या काजाशी चाललेला. तीस वर्षं बालवर्गात शिकवताना मी आयांना सांगत आले, "थांबा, त्याला करू द्या." आणि माझ्याच घरात मी घड्याळाकडे पाहिलं, त्या पोराकडे पाहिलं नाही. ती खंत अजून जात नाही.

आज आपल्या मुलाला किंवा नातवंडाला कुणीकुणी भरवलंत? हात वर करा. बरेच आहेत. आता त्यातल्या कुणाकुणाच्या मुलाला स्वतःच्या हाताने जेवता येतं? बघा, हात तेच! (हशा) माया मला कळते. पण त्या घासामागे पुष्कळदा माया कमी आणि सांडलेलं पुसायचा कंटाळा जास्त असतो.

इटलीतल्या डॉक्टर आणि बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींनी ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालघर, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं. तिथे एकदा त्यांनी मुलांना नाक शिंकरायला शिकवलं. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता कसं शिंकरायचं, सगळं सावकाश करून दाखवलं. मुलं डोळे लावून बघत होती. पाठ संपल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या! नाकावरून त्या मुलांनी आयुष्यभर बोलणीच खाल्ली होती. ते साफ कसं करायचं, हे कुणी शांतपणे दाखवलंच नव्हतं. हा प्रसंग सांगताना दर वेळी माझा गळा भरून येतो.

चिठ्ठी आली. सात मिनिटं म्हणताहेत. आणि कबूल केलेली पद्धत तर राहिलीच! भराभर सांगते.

शेवटची पायरी आधी शिकवा. चार बटणं तुम्ही लावा, पाचवं अर्धं काजातून बाहेर काढून ठेवा आणि ओढायचं तेवढं मुलाला द्या. काम त्याच्या हातून पुरं होतं, हे महत्त्वाचं. ते जमलं की पाचवं पूर्ण त्याचं, मग चौथं, असं मागे मागे या. विजारीचंही तसंच: गुडघ्यापर्यंत तुम्ही, वर ओढायची त्याने. घालण्याआधी काढणं येतं, म्हणून मोजे आधी काढू द्या. बुटाच्या नाडीची घाई नको, बहुतेकांना ती पाच-सहा वर्षांच्या सुमारास जमते. सरावाला मोठं, चपटं बटण घ्या, ते सैल टाक्यांनी शिवा, काज जरा मोठं ठेवा. कपड्यांची खुंटी त्याच्या खांद्याच्या उंचीवर हवी. पाणी ओतायला भांडं लहान द्या आणि पुसायचं फडकंही हाताशी ठेवा. करून दाखवताना बोलू नका, मूल एकतर हात बघतं नाहीतर तोंड. अडलं तर आधी थांबा, मग एक शब्द, अगदीच नाही जमलं तर हात. मूल आजारी असेल, पेंगुळलं असेल, तर खुशाल सगळं करा, त्याने काही बिघडत नाही. आणि सकाळी दहा मिनिटं लवकर उठा. माझ्या सगळ्या पद्धतीला लागतात ती एवढीच दहा मिनिटं.

आता हातमोजे. सदरा इथेच टेबलावर ठेवते. जाताना एकेकाने हे हातमोजे घालून त्याची पाच बटणं लावून पाहा. साडेतीन वर्षांच्या बोटांना ते साधारण असंच लागतं. मी शेजारी उभी राहीन, "आटप लवकर" म्हणायला.