बेडोमचं वटवाघूळ

(दृश्य: ओढ्याकाठचं जुनं, पोकळ खोड. संध्याकाळ.)

पोकळीत वर बघा. वाळकं पान अडकलंय असं वाटेल. नीट पाहिलं की कळतं, पंखांची घोंगडी अंगाभोवती लपेटून एक जीव उलटा लटकलाय. एकटाच, फार तर जोडीनं. देवळाच्या शिखरात दाटीवाटीनं लटकणाऱ्या वटवाघळांतला हा नव्हे.

(दृश्य: चेहरा, अगदी जवळून.)

नाकाभोवती घोड्याच्या नालेसारखी कातडीची घडी आहे, आणि वर टोकदार पान. मधल्या उंचवट्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना लहानसे पदर दिसतात, ते लक्षात ठेवा. अशा नालनाकी वटवाघळांच्या ऱ्हायनोलोफस या प्रजातीत शंभराहून जास्त जाती आहेत, पण असे पदर मोजक्यांनाच. अंगावरची लोकर लांब, काळपट, टोकाशी राखाडी.

याचं नाव ऱ्हायनोलोफस बेडोमेई. रिचर्ड हेन्री बेडोम हे मद्रास इलाख्यातले लष्करी अधिकारी, पुढे जंगल खात्यात गेले. साप आणि नेचे गोळा करण्यात त्यांचा जन्म गेला. वायनाडच्या नमुन्यावरून या वटवाघळाचं वर्णन केलं ते मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणाऱ्या क्नूड अँडरसन या डॅनिश अभ्यासकानं, १९०५ मध्ये. श्रीलंकेतल्या जरा वेगळ्या रूपाला त्यांनी १९१८ मध्ये 'सोब्रिनस' म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मावसभाऊ. त्याच वर्षी अँडरसन स्वतःच बेपत्ता झाले, पण ती गोष्ट वेगळी.

पुढच्या अभ्यासकांनी बेडोमेईला एका मोठ्या भाईबंदाच्या पोटात घातलं. तो लुक्टस. लुक्टस म्हणजे शोक, बहुधा काळ्या लोकरीवरून सुचलेलं नाव. हिमालयापासून इंडोनेशियापर्यंतची मोठी लोकरी वटवाघळं या एकाच नावाखाली होती, आणि आपलं सह्याद्रीतलं त्यांची उपजात ठरलं. १९९२ मध्ये टोपाल आणि चोर्बा या हंगेरियन संशोधकांनी हा सगळा गोतावळा पुन्हा तपासला. दक्षिणेतलं वटवाघूळ आकारानं लहान आणि सरळसरळ वेगळं निघालं. बेडोमेईला जातीचा दर्जा परत मिळाला. लुक्टसची वाटणी अजून चालूच आहे: हिमालयातल्या रूपाला आता पर्निगर ही स्वतंत्र जात मानतात. पर्निगर म्हणजे काळंकुट्ट. या घराण्याची नावं ठेवताना रंगापलीकडे फारसं कुणाला सुचलेलं दिसत नाही.

आपल्याकडेही नावांचा घोळ आहेच. पाकोळी म्हटलं की कुणाला लहान वटवाघूळ आठवतं, कुणाला पक्षी.

(दृश्य: नकाशा.)

महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ, तमिळनाडू. सह्याद्रीची ही सलग पट्टी. शिवाय आंध्र प्रदेश आणि समुद्रापलीकडे श्रीलंका. दाट झाडी, ओढे, झाडाच्या ढोल्या, खडकाच्या कपारी, गुहा अशा जागी हे राहतं.

(दृश्य: अंधार. डिटेक्टरचा आवाज.)

काळोखात ओळखायचं कसं? आवाजावरून. नालनाकी वटवाघळं तोंडानं नाही, नाकानं ओरडतात, आणि प्रत्येक जातीची पट्टी ठरलेली. रू यांच्या नावाची लहान जात ८० किलोहर्ट्झच्या आसपास बोलते. बेडोमेईचा सूर त्याच्या निम्म्यावर, ४० च्या जवळ. आपले कान २० ला संपतात, म्हणून हा आवाज ऐकू येईल असा करणारं यंत्र, डिटेक्टर, लागतं.

हा सूर लांबलचक आणि एकसारखा. पतंगानं पंख हलवले की प्रतिध्वनी लुकलुकतो. पान हललं तर तसं होत नाही. उडताना वेगामुळे परत येणारा सूर चढतो, तेव्हा वटवाघूळ आपला सूर तेवढाच खाली आणतं. मग प्रतिध्वनी कानात नेमक्या त्याच पट्टीवर येऊन पडतो, जिथे त्याला सगळ्यात बारीक ऐकू येतं.

(दृश्य: फांदीखाली लटकलेलं वटवाघूळ अंग फिरवत कानोसा घेतंय. एकदम झेप. मग तीच फांदी.)

खाली पाचोळ्यावर पतंगाचा एक पंख गिरक्या घेत उतरतो.