वजनकाट्यावरचा रिडिक बो

[पहाट. रत्नागिरी. मिरकरवाडा बंदर. मासळीचा काटा. त्यावर वाळू लागलेले अनवाणी पाय.]

हा काटा बांगड्यांचा, सुरमईचा. लिलावाची गडबड सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ तो बॉक्सिंग शिकवणाऱ्या मास्तरांना मिळतो. पोरं एकामागून एक वर चढतात आणि पोट आत ओढून घेतात. काटा त्यानं फसत नाही, पण ओढतात.

पंचावन्न आठशे. गेल्या रविवारी पंचावन्न दोनशे होतं.

'मेल्या, कुणाच्या हळदीला गेलेलास?' मास्तर वहीतून मान वर काढत नाहीत. पोरगा हसतो.

[वही जवळून. पहिलं पान.]

लाल पुठ्ठ्याची वही, उधारीची असते तसली. आत पोरांची नावं, तारखा, वजनं. पहिल्या पानावर मात्र यातल्या कुणाचंच नाव नाही. तिथे पेन्सिलीनं चार ओळी आहेत.

१३ नोव्हेंबर १९९२ – २३५
६ नोव्हेंबर १९९३ – २४६
४ नोव्हेंबर १९९५ – २४०
११ जुलै १९९६ – २५२

हे पौंड आहेत. पहिला आकडा किलोत साधारण १०७, शेवटचा ११४. हेवीवेट जगज्जेता रिडिक बो याचं चार लढतींआधीचं वजन. बोचं काय झालं असं कुणी विचारलं की लोक हे पान दाखवतात आणि गप्प बसतात. हा माहितीपट करताना आम्हाला ते तेवढ्यावर सोडायचं नव्हतं.

[भाट्ये. किनाऱ्यावर अंधार. सुरूचं बन. दूर भगवती बंदराकडचा दिवा.]

आता जरा नीट बघा. डावीकडे, तिसऱ्या सुरूच्या आड, एक माणूस उभा आहे. मफलर गुंडाळलेला. तेच मास्तर. काल संध्याकाळी त्यांनी पोरांना सांगितलं होतं, 'उद्या मी नाही, चिपळूणला जायचंय. तुमचे तुम्ही पळा.'

ही युक्ती त्यांची स्वतःची नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बो सुपर हेवीवेटच्या अंतिम फेरीत पोचला. तिथे लेनक्स लुईसनं त्याला दुसऱ्या राउंडमध्येच थांबवलं. रौप्यपदक घेऊन घरी आला, तर माघारी बोलणं एकच : अंगात कला आहे, पण पोरगा आळशी. त्याला हात लावायला कुणी तयार होईना. मॅनेजर रॉक न्यूमन त्याला घेऊन गेला नेवाडातल्या रीनो गावी, एडी फुचकडे.

फुच तेव्हा ७७ वर्षांचा. माजी जगज्जेत्या जो फ्रेझियरचा गुरू. १९७५ साली मनिलात मुहम्मद अलीविरुद्ध शेवटच्या, पंधराव्या राउंडला फ्रेझियरला उठू न देणारा तो हाच. त्यानंही बोबद्दल ऐकलेलं होतं. म्हणून त्यानं सांगितलं, मी बाहेरगावी चाललोय, तू सकाळी एकटा पळून ये. आणि गेला नाही कुठेच. अंधारात गाडी घेऊन चढाच्या रस्त्यावर जाऊन थांबला.

बो आला. पळाला. फुचनं त्याला पत्करलं.

[पोरं दिसू लागतात. एक, दोन, तीन. चप्पल हातात घेतलेला चौथा.]

मास्तर बोटांवर मोजतायत. आवाज टाकू नका, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. म्हणून इथे नुसती गाज आहे.

[कौलारू पडवी. कपाटावर जुना व्हीसीआर. स्पिरिटचा बोळा.]

मास्तरांचे थोरले भाऊ जहाजावर होते. ९३ च्या मे महिन्यात आले ते सेंटच्या बाटल्या, चॉकलेटं आणि बो-होलीफिल्ड लढतीची ही कॅसेट घेऊन. समुद्राजवळच्या घरात कॅसेटला पावसाळा सोसत नाही, टेपवर पांढरी बुरशी धरते. तीन दशकं मास्तर ती वर्षातून एकदा, गणपतीच्या साफसफाईत, अशी पुसून घेतात. आता ती लागेल असं वाटत नाही. पुसतात.

त्या लढतीची दृश्यं दाखवायचे हक्क आमच्याकडे नाहीत. म्हणून मास्तरांचे हात बघा.

[दोन हात. जाळी विणून घट्टे पडलेले. डावा म्हणजे बो, उजवा इव्हँडर होलीफिल्ड.]

१३ नोव्हेंबर १९९२, लास वेगास. दहावा राउंड. बो सहा फूट पाच इंच, होलीफिल्ड त्याहून बुटका आणि ३० पौंडांनी हलका. उंच माणसानं लांबून जॅब, म्हणजे सरळ ठोसे, मारत राहावं, समोरचा आत घुसला की मिठी मारून वेळ काढावा, हा सरधोपट हिशोब. बो उलट करत होता. डावा हात बघा, कसा खाली बसतो. गुडघ्यातून. कोपर बरगडीला चिकटलेलं. आणि तिथून, वीतभर जागेतून, अपरकट, खालून वर जाणारा ठोसा. आमच्या भाट्याच्या खाडीत मोठा ट्रॉलर वळवताना तांडेल जेवढ्या जागेत वळवतो, तेवढ्या जागेत हा १०७ किलोचा माणूस वळत होता.

आता उजवा हात लटपटतो. होलीफिल्ड भेलकांडला, दोरांपर्यंत गेला, अंगावर मारा चाललाय. पडत नाही. आणि राउंड संपता संपता तोच उलटून बोला हाणतो. इथे मास्तरांचे दोन्ही हात एकमेकांवर असे आपटतात की बशीतला चहा सांडला. तो काढून टाकावा असं संकलक म्हणाला. आम्ही ठेवलाय.

अकराव्यात होलीफिल्ड खाली गेला, उठला. निकाल एकमतानं बोच्या बाजूनं. 'द रिंग' मासिकानं ती वर्षातली सर्वोत्तम लढत ठरवली, आणि हा दहावा राउंड सर्वोत्तम राउंड.

[सायंकाळ. सुरूच्या फांदीला टांगलेली बॅग. उंच पोरगा, पट्ट्या बांधताना.]

हा पोरगा सहा फूट एक. कोकणात एवढी उंची म्हणजे माडावर चढवायला सगळे बोलावतात. मास्तर त्याला लांबून मारू देत नाहीत. बॅगेला कपाळ टेकवून उभा करतात. 'लांबून कुणीही मारील. हितनं मार.' फुचनं बोला शिकवलेली आतली लढत ती हीच. एवढ्या थोराड अंगाच्या माणसानं ती इतकी सफाईनं केलेली आम्हाला तरी दुसरी दिसली नाही. अलीची गोष्ट सांगणारे पुष्कळ आहेत, बोचा हा धडा गिरवणारे या किनाऱ्यावर सातजण.

[लाटा. वहीचं पान वाऱ्यानं फडफडतं.]

पुढचं थोडक्यात. डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेचा पट्टा राखायचा तर लुईसशी लढावं लागलं असतं; महिन्याभरात बोनं तो लंडनमध्ये पत्रकारांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. लुईसशी व्यावसायिक लढत कधी झालीच नाही. हे मात्र त्याच्या नावापुढचं मोठं उणं, मास्तरही मान्य करतात. वर्षभरात ११ पौंड वाढले आणि होलीफिल्डनं किताब परत घेतला. त्याच लढतीत सातव्या राउंडला एक इसम पॅराशूट बांधून रिंगवर उतरला, वीसेक मिनिटं सगळं ठप्प. तिसऱ्यांदा भेटले तेव्हा बो सहाव्यात खाली गेला, उठला आणि आठव्यात त्यानं होलीफिल्डला संपवलं. मग पोलंडच्या आंद्रे गोलोटाशी दोन लढती : दोन्हींत मार खाल्ला, दोन्ही जिंकला, कारण गोलोटा कमरेखाली मारून बाद झाला. पुढे तुरुंग, जड झालेली जीभ. ४३ विजय, त्यातले ३३ नॉकआउट, हार एकच. २०१५ मध्ये बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव.

यावर मास्तरांची मुलाखत घ्यायची होती. त्या संध्याकाळी लाईट गेली ती रात्री अकराला आली.

[पुन्हा भाट्ये. पहाट. सुरूच्या आड मास्तर.]

पंचावन्न आठशेवाला अजून आलेला नाही. बाकीचे पुलापर्यंत जाऊन परत फिरले. मास्तर घड्याळ बघतात, मफलर सोडतात, पुन्हा बांधतात.

[पुलाच्या बाजूनं एकटी आकृती. चालत.]

आला. चालतोय. इकडे तिकडे बघतो. कुणी दिसत नाही.

[आकृती थांबते. चपला काढून कमरेला खोचते. पळू लागते.]