परळ, ताट आणि सुटलेल्या गोळ्या

नमस्कार. विषय दिलाय ‘बालकर्करोग : संशोधन आधी कशावर हवं?’ त्यावर बोलणार आहेच, पण आधी परळला जाऊन येऊ. टाटा रुग्णालयात कुणा ना कुणासाठी फेऱ्या मारलेले बरेच जण इथे असतील. तिथून हाकेच्या अंतरावर हाफकिन संस्था आहे. आपण तिला लशींसाठी ओळखतो. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या आणि याच संस्थेत काम करू लागल्या. गिरणीतल्या गरोदर बायांना जीवघेणा पंडुरोग होत होता, त्याचं कारण त्या शोधत होत्या. या बाया खातात काय, हे त्यांनी पाहिलं. मार्माइट चाखलंय का कुणी? यीस्टचा काळा, खारट लगदा. आधी तो एका आजारी माकडाला दिला, मग बायांना. रक्त भरून आलं! १९३१ साली हे छापून आलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला.

आता गंमत पाहा. अमेरिकेत डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना फॉलिक ॲसिडच्या जातीची द्रव्यं दिली, तर आजार उलट फोफावला. मग त्यांनी पेशींचं हे खाद्यच तोडायचं ठरवलं. त्यासाठीचं ॲमिनोप्टेरिन हे औषध आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने पुरवलं. फार्बर यांच्या जून १९४८च्या लेखात १६ पैकी १० मुलं सुधारल्याची नोंद आहे, अर्थात काही काळापुरतीच. ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले, वय ५३. त्या औषधाचं भावंड मेथोट्रेक्सेट, ते मुलं आजही घेतात. आणि आपल्या पोरांना सुब्बाराव हे नाव माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तर मुद्दा. श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात, अनेक गरीब देशांत ३० टक्केसुद्धा नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेला २०३० पर्यंत किमान ६० टक्के गाठायचे आहेत. ल्युकेमियाची मुख्य औषधं तर बरीचशी जुनीच आहेत. मग मुलं निसटतात कुठे?

गावाहून आलेले रुग्ण राहतात अशा एका धर्मशाळेत मी मदतीला जाते. तिथली एक आई पेरणीसाठी मुलाला घेऊन गावी गेली. गोळ्यांचा टप्पा दोनेक वर्षं चालतो, त्यात मूल हिंडू-खेळू लागलेलं असतं. परत यायला तिला सहा आठवडे लागले. लागोपाठ चार आठवडे चुकले की ‘उपचार सोडले’ असं धरतात. तिच्या कागदावरही तेवढंच होतं. का सोडले, हे कुणी विचारलंच नव्हतं.

हे विचारणं आणि मोजणं, माझ्या मते संशोधनाचं पहिलं काम. गाडीभाडं दिलं तर किती मुलं टिकतात? राहायला खोली दिली तर? दुसरं, पुन्हा ताटच. कुपोषित मुलाला औषधाची मात्रा कशी सोसते, हे आपल्याच मुलांत तपासायला हवं. तिसरं, ॲस्परॅजिनेज, हे ल्युकेमियावरचं एक औषध. त्याच्या काही स्वस्त ब्रँडची ताकद कमी भरलीय, तेव्हा रक्तात ते पुरेसं उतरतं का हे पाहायला हवं. डोळ्याच्या बाहुलीतली पांढरी चमक ही डोळ्याच्या कर्करोगाची खूण असू शकते; ती अंगणवाडीत ओळखता येईल का, यावर बोलायचं राहिलंच.

त्या आईने मला विचारलं होतं, “ताई, रक्ताची तपासणी तालुक्याला झाली असती नि गोळ्या तिथंच मिळाल्या असत्या, तर?” इथे वैद्यकीय महाविद्यालयातली मंडळी बसलीत. तुमच्यापैकी कुणीतरी हा प्रश्न प्रबंधाला घ्या.