प्रेत, रुग्ण की दान?

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल शहरात, बाहेरून एखाद्या सामान्य कार्यालयासारख्या दिसणाऱ्या इमारतीत, चकचकीत पोलादी टाक्या ओळीने उभ्या आहेत. टाकीत उणे १९६ अंश सेल्सियसचा द्रवरूप नायट्रोजन असतो आणि त्यात मानवी देह डोके खाली व पाय वर अशा स्थितीत ठेवलेले असतात. त्यामागचे कारण अगदी व्यवहारी आहे. नायट्रोजनची पातळी कधी खालावलीच, तर आधी पाय उघडे पडावेत आणि मेंदू शेवटपर्यंत बुडालेला राहावा. पुढेमागे विज्ञान आपल्याला पुन्हा उठवील, या आशेवर या माणसांनी हयातीतच तशी व्यवस्था करून ठेवली होती. अल्कॉर ही संस्था त्यांना ‘रुग्ण’ म्हणते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती मृत आहेत.

ही विसंगती बरीच वर्षे कोणाला फारशी खुपली नव्हती. जुलै २००२ मध्ये बेसबॉलचा विख्यात फलंदाज टेड विल्यम्स फ्लोरिडात वारला, त्याचा देह विमानाने स्कॉट्सडेलला आणला गेला आणि त्याच्या मुलांमध्ये कोर्टकज्जा सुरू झाला. थोरल्या मुलीचे म्हणणे होते की, वडिलांना दहन हवे होते आणि मृत्युपत्रातही तसेच लिहिले होते. धाकट्या भावंडांनी पुरावा म्हणून पुढे केला तो तेलाचे डाग पडलेला, हाताने लिहिलेला कागदाचा एक तुकडा. पुढच्याच वर्षी संस्थेच्या एका माजी अधिकाऱ्याने त्या देहाच्या हाताळणीविषयी गंभीर आरोप केले, संस्थेने ते नाकारले, पण गाजावाजा व्हायचा तो झालाच.

अंत्यविधी व्यावसायिकांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्य मंडळाचे लक्ष आता अल्कॉरकडे वळले. मंडळाचे संचालक रुडी थॉमस यांनी, अशा संस्थांवर एक तर नियंत्रण आणावे किंवा त्यांना धंद्यातून बाहेर काढावे, अशा आशयाचे विधान केले. हे विधान क्रायोनिक्सवाल्यांच्या, म्हणजे असे अतिशीत देहजतन करणाऱ्यांच्या, जिव्हारी लागले. आपल्यावर देखरेख करू पाहणाऱ्याने निकाल आधीच लावून ठेवला आहे, असे त्यांना वाटले, आणि त्यांना तसे वाटण्यात वावगे काही नव्हते. २००४ च्या आरंभी रिपब्लिकन आमदार बॉब स्टंप यांनी अल्कॉरला या मंडळाच्या अखत्यारीत आणणारे विधेयक प्रतिनिधीगृहात मांडले.

संस्थेने आणि तिच्या सभासदांनी आमदारांची मने वळवायला सुरुवात केली. अडचण अशी की, सभासद मूठभर, तेही देशभर विखुरलेले. आणि परराज्यातल्या माणसाच्या पत्राला आमदार किती किंमत देणार? म्हणून युक्तिवादच भक्कम असणे भाग होते. पहिला मुद्दा वेळेचा. डॉक्टरांनी मृत्यू घोषित करताच काही मिनिटांत शरीर बर्फाने गार करून, रक्त गोठू नये म्हणून औषधे द्यावी लागतात. तिथे परवानगीच्या कागदांसाठी खोळंबून चालत नाही. दुसरा मुद्दा अधिक कळीचा होता. हे देह संस्थेकडे येतात ते अवयव आणि देहदानाच्या कायद्याखाली. देहदान म्हटले की आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयाचा शरीररचनाशास्त्र विभाग आठवतो. ॲरिझोनात मात्र त्याच कायद्याच्या आधारे देह पोलादी टाकीत जातो. मंडळाच्या नियमांनी हा आधारच डळमळीत होईल, अशी सभासदांना धास्ती होती. एरवी ‘रुग्ण’ या शब्दावर अडून बसणाऱ्या मंडळींना कायद्यापुढे ‘दान’ हा शब्द सोयीचा होता, हेही इथे नोंदवायला हवे.

मंडळ चुकीचे होते, हे मान्य करता येईल. दफनपेट्यांच्या व्यवसायावर नजर ठेवणाऱ्यांनी अतिशीत जतनाविषयी काय सांगावे? पण टाकी भरलेली आहे की नाही हे बाहेरच्या कोणीतरी पाहावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हती. कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थच्या दफनभूमीत, नायट्रोजनसाठी पैसे उरले नाहीत म्हणून, तळघरात ठेवलेले देह वितळून कुजले होते आणि ती गोष्ट १९७९ मध्ये उघडकीस आली होती. तिथल्या बऱ्याच नातेवाइकांना त्याआधी कोणी काही कळवले नव्हते.

मिशिगन राज्यात याच सुमारास वेगळे घडले. तिथल्या क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटला राज्याने २००३ मध्ये काम थांबवण्याचा आदेश दिला आणि अखेर तडजोड होऊन संस्थेने दफनभूमी म्हणून परवाना घेतला. म्हणजे मिशिगनच्या दप्तरी ती टाक्यांची जागा स्मशान ठरली. अल्कॉरला नेमके हेच नको होते.

ॲरिझोनातील विधेयक कायदा होण्यापर्यंत पोहोचले नाही; स्टंप यांनी ते मागे घेतले. २००४ च्याच मार्चमध्ये टेड विल्यम्सचा मुलगा जॉन हेन्री, ज्याने तो डागाळलेला कागद पुढे केला होता, रक्ताच्या कर्करोगाने वारला. त्याचाही देह स्कॉट्सडेललाच नेण्यात आल्याची बातमी तेव्हा वर्तमानपत्रांत आली होती.